चार जागांचे गणित

क्रेडिट कार्डावरील खर्चापोटी बँक जे रिवॉर्ड पॉइंट देते, ते विमान कंपनीच्या माइल्समध्ये वळवून मुंबईहून पॅरिस, ॲम्स्टरडॅम किंवा लंडनला सहकुटुंब जाता येते, हे आता अनेक मराठी घरांना ठाऊक झाले आहे. परंतु पॉइंट आणि माइल ही दोन वेगळी चलने आहेत आणि त्यांपैकी एकालाही बँकेतील ठेवीसारखे संरक्षण नाही, ही गोष्ट सहलीच्या आखणीत सहसा फार उशिरा लक्षात येते. पॉइंट बँक देते, माइल विमान कंपनी देते, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर कोणत्या दराने व्हावे हे ठरवण्यात ग्राहकाला कोणी विचारत नाही.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली ‘ॲडव्हांटेज’ योजना सुरू केली तेव्हा माइल हे प्रत्यक्ष उड्डाणाचे बक्षीस होते. पुढे विमान कंपन्या बँकांना माइल्स घाऊक विकू लागल्या आणि हा व्यवहार इतका वाढला की, २०२० मध्ये महासाथीमुळे उड्डाणे ठप्प असताना, युनायटेड एअरलाइन्सला आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरचे कर्ज उभारता आले. कंपनीसाठी ही योजना मालमत्ता असली, तरी प्रवाशाच्या खात्यातील माइल्सचे मोल कंपनीच्या मर्जीवर आणि तिच्या अस्तित्वावर अवलंबून असते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची सेवा थांबली तेव्हा तिची माइल्स योजना टिकून राहिली, पण ज्या विमानांतून जाण्यासाठी लोकांनी ती माइल्स साठवली होती, ती विमानेच उरली नाहीत.

अवमूल्यन म्हणजे काय, हे एका ठोस उदाहरणावरून कळते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर सर्वसाधारण ग्राहकांना पाच पॉइंटांमागे चार माइल्स मिळत असत. सप्टेंबर २०२३ पासून त्याच पाच पॉइंटांमागे दोन माइल्स मिळू लागली. एखाद्या चौकोनी कुटुंबाला येण्याजाण्यासाठी २,१०,००० माइल्स लागतात असे गृहीत धरले, तर जुन्या दराने २,६२,५०० पॉइंट पुरले असते, नव्या दराने ५,२५,००० लागतात. विमान तेच, आसन तेच, खर्च केलेले रुपयेही तेच. म्हणून पॉइंट वर्षानुवर्षे साठवून ठेवणे ही काटकसर नव्हे; सहल दीड-दोन वर्षांत होणार नसेल, तर ते अन्य मार्गाने वापरून टाकणे अधिक शहाणपणाचे असते.

एका माइलची किंमत काढण्याची रीत सोपी आहे. तिकिटाच्या रोख दरातून, माइल्सने तिकीट काढले तरी जे कर आणि अधिभार रोख भरावेच लागतात ते वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सने भागावे. समजा, तिकीट ६०,००० रुपयांचे, रोख कर १८,००० आणि माइल्स ६०,००० असतील, तर एका माइलला ७० पैसे मिळाले. पाचास दोन या दराने मूळ पॉइंटला मात्र २८ पैसेच मिळाले. हे गणितही अर्थातच दरमहा संपूर्ण बिल भरणाऱ्यालाच लागू पडते. बाकी थकवणाऱ्याकडून अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याज घेतले जाते, आणि त्यापुढे कोणतेही पॉइंट टिकत नाहीत. अशा घराने या वाटेला जाऊच नये.

एकट्या प्रवाशासाठी शेवटच्या क्षणी एखादी जागा सापडते. एकाच विमानात चार जागा मिळणे ही वेगळी गोष्ट आहे. माइल्सवर देण्याच्या जागा प्रत्येक उड्डाणात मोजक्याच असतात. ब्रिटिश एअरवेज लांब पल्ल्याच्या उड्डाणात इकॉनॉमीच्या किमान आठ जागांची हमी देते, म्हणजे चौघांची दोनच कुटुंबे. या जागा ३५५ दिवस आधी खुल्या होतात. त्यामुळे २० मेच्या प्रवासासाठी आदल्या वर्षीच्या ३० मेला जागे राहावे लागते, आणि त्या दिवशी परतीची तारीख अजून खुली झालेली नसते. एअर फ्रान्स आणि केएलएम यांची ‘फ्लाइंग ब्लू’ योजना कुटुंबांना अधिक मानवते, कारण तिथे दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना २५ टक्के माइल्स कमी लागतात आणि घरातील सदस्यांची माइल्स एकत्र करता येतात. मात्र तिथे माइल्सचा दर मागणीनुसार बदलतो, म्हणून मे महिना तिथेही महागच पडतो.

खरी अडचण महाराष्ट्राच्या शालेय दिनदर्शिकेत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्वांना एकाच वेळी निघायचे असते, तर दिवाळीच्या सुट्टीत युरोपातील पर्यटनाचा हंगाम ओसरलेला असतो. तेव्हा दिवस लहान होतात आणि स्वित्झर्लंडमधील अनेक रोपवे नोव्हेंबरमध्ये देखभालीसाठी बंद असतात हे खरे. पण रोम किंवा सेव्हिल पाहायचे असेल, तर हीच वेळ उत्तम, आणि घरचा फराळ प्रवासात सोबत नेता येतो ही त्यातली जमेची बाजू.

पॉइंट एकदा माइल्समध्ये वळवले की सामान्यतः परत येत नाहीत, म्हणून जागा दिसल्याशिवाय ते वळवू नयेत, आणि वळवायला काही दिवस लागत असतील, तर त्या दिवसांत जागा जाण्याचा धोका आधीच मोजावा. लंडनहून परतताना ब्रिटनचा प्रवासी कर माइल्सच्या तिकिटावरही भरावा लागतो. इकॉनॉमीत सोळा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे, तरी लंडनला उतरून पॅरिसहून परतणे पुष्कळदा स्वस्त पडते.

माइल्सचे तिकीट म्हणजे दुय्यम तिकीट, ही समजूत मात्र चुकीची आहे. युरोपीय महासंघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, महासंघातील विमानतळावरून निघणारे विमान कंपनीच्या दोषाने मुंबईला चार तासांहून अधिक उशिरा पोहोचले, तर प्रत्येक प्रवाशाला ६०० युरोंची भरपाई मागता येते, आणि हा हक्क माइल्सवर प्रवास करणाऱ्यालाही तितकाच आहे. स्वतःचे आसन असलेली दोन मुले आणि आईवडील मिळून ती रक्कम २,४०० युरो होते, आणि ती माइल्समध्ये नव्हे, रोख मागावी.