शोक आवरावा, अश्रू आवरू नयेत

‘आनंद ही निवड आहे’ हे वाक्य सांप्रत सर्वत्र ऐकू येते. पवईत आमच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांनी ते कार्यालयातील एखाद्या व्याख्यानात ऐकलेले असते, आणि तो आनंद आपल्याला निवडता आला नाही याची खंत ते सोबत घेऊन येतात. मूळ दुःखात ही नवी भर. आपण वैद्यांनीही तेच वाक्य त्यांना ऐकवावे काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात शोक, भय, क्रोध, लोभ हे मनाचे वेग आवरण्यास सांगितले आहे. मात्र त्याच अध्यायात न अडविण्याच्या तेरा वेगांत बाष्प, म्हणजे अश्रू, आहेत. ते अडविल्यास प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची, भ्रम संभवतात. उपचारांत निद्रा आणि प्रिय गोष्टी सांगितल्या आहेत. (मद्याचाही उल्लेख आहे, तो रुग्णाच्या कानी घालण्याची आवश्यकता नाही.) शोक कवटाळून बसू नये, पण रडू आले तर रडावे, इतका सूक्ष्म विवेक त्या व्याख्यानांत आढळत नाही.

तिसाव्या अध्यायातील सुखायु व हितायु यांचा भेदही येथे उपयोगी पडतो. सुखायूच्या वर्णनात निरोगी शरीर-मनासह तारुण्य, बळ, धन येते; यांतील कितीतरी गोष्टी माणसाच्या हाती नसतात. हितायूच्या वर्णनात मात्र सत्य, शांती, विचारपूर्वक कृती, परहित असे सारे आचरणच आहे. निवडता येते ते हित. फिल्टरपाड्यातून घरकामास जाणारी स्त्री आणि रात्रपाळी करणारा संगणक अभियंता यांना एकच सुख सांगता येणार नाही, हित सांगता येईल. रात्रपाळीवाल्यास ब्राह्ममुहूर्तावर प्रवचन देणे व्यर्थ होय. जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी अन्न घेण्यापूर्वी झोपावे, हा अष्टांगहृदयातील उपाय त्याला आचरता येतो.

कृतीतून मन पालटते याचे उदाहरण आपल्याच उपनगरांत आहे. 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील उद्यानात अवघ्या पाच जणांसह हास्य क्लब आरंभिला. काही दिवसांत विनोद संपले. तेव्हा विनोदावाचून, व्यायाम म्हणून हसण्याची पद्धत त्यांनी बसविली. प्रीणन करणाऱ्यांत चरकाने हर्षाला अग्रस्थान दिले आहे, हे येथे स्मरावे. तथापि महिन्यापूर्वी पुत्र गमावलेल्या मातेस कोणी हास्य क्लबात धाडू नये.

चरकाने रोग वाढविणाऱ्यांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. दोन आठवडे वा अधिक काळ झोप, भूक, रस हरपला असेल, मरणाची भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणे हे आपले कर्तव्यच होय. ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेल्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात लावलेला असावा. आयुर्वेदीय औषध सुरू केले म्हणून मानसोपचाराच्या गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण आढळतात. त्याला वैद्याने मूक संमतीही देऊ नये.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी येथे मोठी आहे. ‘टेन्शनवर काहीतरी द्या’ म्हणताच अश्वगंधा वा सारस्वतारिष्ट पुढे केले जाते. अश्वगंधा थायरॉईडच्या व झोपेच्या औषधांचा परिणाम वाढवू शकते. अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतोच. आधीपासून कोणती औषधे चालू आहेत, एवढा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

राहिला सत्त्वावजय. त्रिविध चिकित्सेत त्याचे स्थान आपण परीक्षेत लिहिले. आपल्या केसपेपरवर ते किती वेळा येते? बस्ती-नस्याचे शुल्क आपण निःसंकोच घेतो. रुग्णाचे अर्धा तास ऐकून घेण्याचे शुल्क मागण्यास संकोचतो, आणि म्हणून ते ऐकणेच टाळतो. संघटनेने शुल्कपत्रक सुचविताना सत्त्वावजयाची स्वतंत्र ओळ घालावी, अशी आमची सूचना आहे.