आधी क्षमा, मग पवित्रता

दहिवली-कर्जत, नेरळ, खोपोली आणि आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

हे आवाहन आपल्यातल्या खचलेल्या माणसांसाठी आहे. वर्षानुवर्षं उपासनेला येणारा, प्रभुभोजन घेणारा, मुलांना रविवारच्या शाळेत पाठवणारा माणूस मनातल्या मनात म्हणत असतो, ‘पवित्र जीवन आपल्याच्यानं व्हायचं नाही.’ दारू सुटत नाही. तोंडातली शिवी जात नाही. सख्ख्या भावाशी अबोला धरून किती पावसाळे गेले ते आठवत नाही. रविवारी निश्चय होतो आणि मंगळवारी मोडतो. मग दोनच वाटा उरतात. कुणी मंडळीत यायचंच सोडतो, तर कुणी येतो, हात वर करून गातो आणि घरी मात्र आहे तसाच राहतो.

अशा प्रत्येकाला मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपण पवित्र झालो म्हणून देव आपल्याला क्षमा करतो, असं शुभवर्तमानात कुठंही नाही. तो आधी क्षमा करतो आणि मग क्षमा केलेल्या माणसाला पवित्र करत नेतो. हा क्रम उलटा धरला की ख्रिस्ती जीवन म्हणजे कधीही न फिटणारं कर्ज होऊन बसतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आज रात्री उघडून वाचा. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोकांनी येशूपुढं आणून उभं केलं होतं. दगड मारायला आलेले एकेक करून निघून गेले. त्यानंतर येशू तिच्याशी काय बोलला आणि कोणत्या क्रमानं बोलला ते नीट पाहा. ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ हे त्यानं आधी सांगितलं. ‘यापुढं पाप करू नकोस’ हे नंतर. आधी सुधारून दाखव, मग तुझा विचार करू, असं तो म्हणाला नाही. तसंच, तुझं सगळं माफ आहे, आता हवं तसं जग, असंही म्हणाला नाही. दंड माफ झाला आणि नव्या जगण्याची आज्ञाही मिळाली, एकाच तोंडून, एकाच भेटीत.

हा क्रम समजायला पंडिता रमाबाईंसारख्या बाईलाही वेळ लागला, म्हणून त्यांची हकिगत आपण नीट ऐकावी. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. या कुटुंबानं देशभर पायी तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली, उपासतापास केले, जवळचं होतं ते दानधर्मात घातलं. दुष्काळात आईवडील गेले. पुढं कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८२ साली त्या विधवा झाल्या. १८८३ साली लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या.

तिथं लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या धर्मभगिनी एक आश्रयगृह चालवत. समाजानं ज्यांना पतित म्हणून टाकून दिलं होतं अशा स्त्रियांना तिथं थारा मिळे. रमाबाईंनी तिथं जे पाहिलं ते त्यांना नवीन होतं. एके काळी त्या घरात आश्रयाला आलेल्या काही जणी आता स्वतः आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करत होत्या. त्या बदलल्या होत्या, आणि बदलण्याआधी कुणीतरी त्यांना जवळ केलं होतं. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचा भाग आपल्यासारख्यांसाठी अधिक मोलाचा आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं मनाची तळमळ शमली नाही, असं रमाबाईंनी आपल्या साक्षीत मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. शारदा सदन उघडलं होतं, विधवा मुलींची सेवा चालू होती, विद्वत्ता होती, नाव होतं, तरी पापाचं ओझं जागच्या जागी होतं. १८९१ च्या सुमाराला त्यांच्या ध्यानात आलं की तारण ही कमावायची गोष्ट नाही. आहे त्या स्थितीत, आत्ता, हात पुढं करून ती घ्यायची असते.

पुढं त्या काही मुलींना घेऊन लोणावळ्याच्या शिबिरसभेला गेल्या. आपल्या घाटाच्या माथ्यावरचं लोणावळं. ख्रिस्ताकडे आलेल्या पंधरा मुली तिथं बरोबर पाहून त्यांनी पंधराच्या पंधरापट, म्हणजे २२५ मुली देवाकडे मागितल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. त्याच आवारात, फसवल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपा सदन काढलं. फुलहॅमला डोळ्यांनी पाहिलेली क्षमा केडगावच्या माळावर भिंती आणि छप्पर होऊन उभी राहिली. क्षमा खरोखर मिळाली असेल तर ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही, कामाला लावते.

‘सगळं देवच करतो, तर मग आम्ही काय करायचं?’ असा प्रश्न मंडळीत नेहमी निघतो. याचं उत्तर आपल्या कर्जत स्टेशनात उभं आहे. पुण्याकडे जाणारी गाडी सहसा इथं थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि मगच ती बोरघाट चढते. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे, एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. मागून रेटा मिळाला म्हणून गाडीची चाकं थांबत नाहीत. उलट त्या रेट्यामुळंच ती चढावर फिरतात. पवित्र आत्म्याचं काम असं आहे. प्रार्थना, वचनवाचन, मोहाला नाही म्हणणं, चुकल्यावर कबूल करणं, ही चाकं आपलीच फिरली पाहिजेत. पण एकट्याच्या जोरावर घाट चढायला निघालात तर अर्ध्यातच अडकाल. तीताच्या पत्रात पौल लिहितो ते हेच. अभक्तीला आणि वासनांना नाकारायला माणसाला शिकवते ती देवाची कृपाच. तेव्हा कृपा आहे म्हणून पाप चालेल, असं म्हणणाऱ्याला कृपा कळलेली नाही.

आता आपल्या दारातल्या गोष्टीकडे वळू. या भागात जमिनीला भाव आला आणि घरोघरी सातबारा बाहेर निघाला. ज्या बांधावर दोघं भाऊ एकत्र बसून न्याहारी करत, तोच बांध आज मोजणीदाराच्या फितीखाली आला आहे. बहिणीला भाऊबीजेच्या निमित्तानं बोलावून, नीट न सांगता, हक्कसोडपत्रावर सही घेतल्याचे प्रकार घडतात. यात ख्रिस्ती घरं मागं नाहीत, हे दुःखानं लिहावं लागतं. आणि हीच माणसं रविवारी उभं राहून, आम्ही आमच्या ऋण्यांस सोडलं आहे तसं तू आमचं ऋण सोड, अशी प्रार्थना करतात.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर आठवा. त्याच्यावर राजाचं दहा हजार तलांत कर्ज होतं. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. आजचा रोज पाचशे रुपये धरला तर ते कर्ज होतं तीन हजार कोटी रुपये. राजानं ते सगळं सोडलं. तिथून बाहेर पडल्याबरोबर त्या चाकरानं शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. आपल्या हिशेबानं पन्नास हजार रुपये. पन्नास हजार ही काही क्षुल्लक रक्कम नाही, भावानं बुडवली तर लागते, झोप उडते. येशूनं तुमचं नुकसान खोटं ठरवलेलं नाही. तीन हजार कोटी सुटलेला माणूस पन्नास हजारांसाठी गळा कसा धरतो, एवढंच तो विचारतो. हा प्रश्न रात्री दिवा मालवण्याआधी स्वतःला विचारा.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण क्षमेच्या नावाखाली दुबळ्यांना गप्प बसवलं जातं. नवरा मारतो त्या बाईला ‘क्षमा कर आणि सहन कर’ एवढंच सांगून परत पाठवणं ही ख्रिस्ती शिकवण नाही. तिनं मनातला सूड देवाच्या हाती द्यावा, आणि स्वतःला व लेकरांना सुरक्षित ठिकाणी न्यावं. दोन्ही एकदम करता येतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या बाजूनं आहे, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. लेकरावर अत्याचार झाला असेल तर मंडळीची अब्रू झाकायला तो दाबून ठेवणं हे पाप आहे. त्याची तक्रार झालीच पाहिजे. क्षमा द्वेष सोडायला सांगते, सत्य सोडायला सांगत नाही.

आणि ज्यानं अन्याय केला आहे, त्यानं ‘देवानं मला माफ केलं’ म्हणून मोकळं होऊ नये. लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाकडे पाहा. येशू त्याच्या घरी स्वतःहून गेला, त्यानं आधी काही फेडलं नव्हतं. पण येशू घरात आल्यावर तो उठून उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करीन म्हणाला. क्षमा त्याच्या पैशाच्या थैलीपर्यंत पोचली. आपल्या बहिणीची सही नीट न सांगता घेतली असेल, तर भारतीय वारसा कायदा, १९२५ काय सांगतो ते वकिलाला विचारा. मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. तिचा वाटा तिला द्या. तिनं खुशीनं सोडला तर तो तिचा मोठेपणा, तुमचा हक्क नव्हे.

व्यसनात अडकलेल्या बांधवांना वेगळं सांगतो. तुमचं पडणं देवाला नवीन नाही. दहा वेळा पडलात तर दहा वेळा कबूल करा, पण एकट्यानं लपून झुंजू नका. व्यसन हा आजारही आहे, त्याला औषध आणि सोबत दोन्ही लागतात. घाट चढून गेलात की पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्रातून अनेक जण सावरले आहेत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांतही तुमच्यासारखेच लोक भेटतील. उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनो, असा माणूस दारात आला की आधी चहा द्या, मग विचारपूस करा, उपदेश सर्वांत शेवटी.

आता माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात चार गोष्टी करा. पहिली, रोज रात्री त्या दिवशीचं पाप नाव घेऊन देवापुढं कबूल करा. ‘माझ्या पापांची क्षमा कर’ असं मोघम नको. आज मुलावर हात उगारला, आज हिशेबात खोटं लिहिलं, असं सांगा. आणि कबूल केल्यावर ते धरून बसू नका, त्यानं क्षमा केली यावर विश्वास ठेवून झोपा. दुसरी, ज्याच्याशी अबोला आहे अशा एकाच माणसाचं नाव लिहा आणि सात दिवस त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पहिले दोन-तीन दिवस शब्द घशात अडकतील, तरी करा. तिसरी, कुणाचं काही घेतलं असेल तर ते परत द्यायला सुरुवात करा. एकदम जमत नसेल तर हप्त्यानं द्या, पण त्याला तसं सांगा. चौथी, ज्याचं नाव लिहिलंत त्या माणसाच्या घरी प्रभुभोजनाच्या रविवारआधी जा. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूनंच सांगितलं आहे.

कदाचित तो दार उघडणार नाही. उघडलं तरी चार गोष्टी सुनावेल. तुमची क्षमा त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका, कारण तुम्हाला मिळालेली क्षमासुद्धा तुमच्या उत्तराची वाट पाहत थांबली नव्हती. तुम्ही फक्त जा. पाळकांनो, अशा भेटीला निघालेल्याच्या सोबत जायला तयार राहा. आईवडिलांनो, मुलांच्या देखत एकमेकांची माफी मागा, कारण कृपा म्हणजे काय हे मूल प्रवचनाआधी घरात शिकतं. आणि जो अजूनही म्हणत असेल की आधी थोडा सुधारतो, मग प्रभूकडे येतो, त्याला माझं हात जोडून सांगणं आहे: सुधारण्याची वाट पाहत बसू नका. आहात तसे आजच या. सुधारण्याचं काम तो स्वतः हाती घेईल, आणि त्या कामात आम्ही सगळे तुमच्या बरोबर आहोत.