हिशोब मागितला की गद्दार?



२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. कुठं? महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाच्या पुलावर. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवत होता, त्याचा वटहुकूम मग चार दिवसांत निघाला. जित्याचं ऐकलं न्हाई, मढ्याचं ऐकलं. २०१५ ला कोल्हापुरात पानसरे, धारवाडला कलबुर्गी. दाभोलकरांच्या खटल्यात १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

आपण निषेध केला, घोषणा दिल्या. बरोबरच केलं. पण आपल्या भवानी पेठेत काय चाललंय?

जयंतीच्या बैठकीत एक पोरगं उभं राहिलं. विचारलं, वर्गणी किती जमली, डीजेला किती गेली? झालं! "बाबासाहेबांच्या कामाचा हिशोब मागतो काय बे?" गद्दार ठरवून त्याला खाली बसवलं. पावतीपुस्तक लपवायला बाबासाहेबांचा फोटो पुढं केला. बुवा अंगारा पुढं करतो, यांनी फोटो केला. फरक मला दाखवा.

आणि बाबासाहेब? १९४३ ला पुण्यात, रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवरच आसूड ओढला. गांधींना सोडलं न्हाई, जिनांना सोडलं न्हाई. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. मला तेवढी सूट द्या, असं त्यात कुठं म्हटलेलं न्हाई. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या बुद्धाच्या वाटेवर त्यांनी आपल्याला नेलं, त्यानं कालामांना सांगितलं होतं : परंपरेत आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. मग अध्यक्ष सांगतो म्हणून मानायचं?

"दुश्मन बघतोय, घरातलं बाहेर काढू नको." हे ऐकून कान किटले. दुश्मन बघणारच, त्याचं कामच ते. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. आज कंसात नेत्याचं नाव घातल्याशिवाय कुठला रिपब्लिकन ते कळत न्हाई. दुश्मनानं येऊन ते कंस घातले काय?

मी मागावर उभा राहणारा माणूस. शाळा अर्धवट, बाकीचं रात्रपाळीनंतर वाचलेलं. खंडेनवमीला मागाला हार घालतात, नारळ फोडतात. पण दुसऱ्या दिवशी ताण्यातला धागा तुटला की कुणी आरती करत न्हाई. माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची. ज्याला टोक दिसलं त्याला आमच्यात कुणी गद्दार म्हणत न्हाई. उलट त्यालाच हाक मारतात. कारण मीटरवर पगार आहे, माग थांबला की पोटाला चिमटा बसतो. चळवळ थांबली तर कुणाच्या पोटाला चिमटा बसतो, ते ज्यानं त्यानं बघावं.

त्या पोरानं पुन्हा उभं राहावं. या वेळी एकट्यानं न्हाई, दहाजणांनी. १४ एप्रिलच्या आधी मंडळाच्या फळ्यावर जमाखर्च लागला पाहिजे. पावतीपुस्तकं किती छापली, तिथनं सुरुवात करा.