यंत्र नको, ही मागणी कोणाच्या हिताची?

कारखान्यातून बाहेर पडणारा धातूचा कोणताही सुटा भाग हातात घ्यावा. तो गुळगुळीत लागतो. हा गुळगुळीतपणा धातूचा उपजत गुण नव्हे. ड्रिलने भोक पाडले, लेथवर जॉब कातला किंवा प्रेसवर पत्रा कापला की त्या जागी धातूची एक धारदार कड उभी राहते. कारखान्याच्या भाषेत तिला ‘बर’ म्हणतात. ती तशीच राहिली तर दोन भाग एकमेकांत नीट बसत नाहीत, तिचा सुटलेला कण तेलाच्या वाटेत अडकतो, जोडणी करणाऱ्याचे बोट कापते. म्हणून ती काढावी लागते आणि त्यानंतर पुष्कळदा पृष्ठभागाला चकाकी आणावी लागते. ही बर कोण काढतो आणि ही चकाकी कोण आणतो, हा प्रश्न मोटारीच्या जाहिरातीत कधी येत नाही. कामगार चळवळीत तरी तो यावा, अशी अपेक्षा चुकीची ठरू नये.

भोसरी आणि पिंपरी-चिंचवड, कोल्हापूरजवळची शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या मागल्या गल्ल्यांत या प्रश्नाचे उत्तर सापडते. मोठा कारखाना हे काम ठेकेदाराला देतो, ठेकेदार पाच-सात माणसांच्या पत्र्याच्या शेडला देतो आणि शेडचा मालक ते कामगाराच्या अंगावर देतो. मजुरी नगावर. हातात कानस किंवा ग्राइंडर, समोर फिरते सुती चाक, नाकाला रुमाल. ओतीव भागाला चिकटलेल्या वाळूतील सिलिका, स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम आणि निकेल, ॲल्युमिनियमची भुकटी. ज्या शेडमध्ये जे काम, त्या कामगाराच्या छातीत ती धूळ.

हे काम यंत्राने होऊ शकते, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. थरथरत्या मोठ्या कुंडात चिनीमातीचे खडे, पाणी आणि सुटे भाग एकत्र टाकले की ते एकमेकांवर घासून कडा झिजतात. काम ओले असल्याने धूळ उडत नाही. पट्ट्यावर सरकणारा पत्रा बंद पेटीतील घासपट्ट्यांखालून जातो. दोन भोके आत जिथे मिळतात आणि जिथे कानस पोचत नाही, तिथली बर क्षारयुक्त द्रावणातून वीज सोडून विरघळवता येते. बंद कोठीत वायूचे मिश्रण क्षणभर पेटवून ती जाळताही येते. वेडेवाकडे ओतीव भाग यांत्रिक हात पट्ट्यावर धरतो. ज्या कारखान्यांना परदेशी गिऱ्हाइकांची अचूकता सांभाळावी लागते, तिथे ही यंत्रे आलेलीही आहेत. मागल्या गल्लीत मात्र ती क्वचितच दिसतात.

आणि नेमक्या याच वेळी कामगार मेळाव्यांतून एक घोषणा ऐकू येते : यंत्र भाकरी खाते, यंत्र नको. घोषणा देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. एक माणूस दोन-तीन कुंडांवर देखरेख करू लागला की कानस धरणारे अनेक हात मोकळे होतात, हे सत्य आहे. ते लपवून यंत्राची वकिली करणे हा लबाडपणा होईल. परंतु सत्याचा एक भाग हातात धरून दुसरा सोडला की घोषणा ज्याच्या विरुद्ध दिली जाते त्याच्याच पदरात जाऊन पडते. या घोषणेचे तसेच झाले आहे.

इतिहासात याचा एक कटू दाखला आहे. इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. तिथे दगडी चाकावर पाती घासणाऱ्या कामगारांना जडणाऱ्या दम्याविषयी डॉक्टर आर्नल्ड नाइट यांनी 1830 च्या सुमारास लिहिले. त्यांचा आधार घेऊन एंगल्सने 1845 मधील आपल्या ग्रंथात नोंदवले की, कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे आणि ओल्या चाकावरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतो. त्याच शेफील्डमध्ये लोखंडाचे कण ओढून घेणारे चुंबकाचे साधन एब्राहम नावाच्या गृहस्थाने तयार केले होते. कामगारांनी ते नाकारले. कारण काय? धोका कमी झाला तर या धंद्यात नवी माणसे शिरतील आणि मजुरी उतरेल, ही भीती.

या कामगारांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांचा हिशेब अर्थशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होता. त्यांना मिळणाऱ्या मजुरीत कौशल्याच्या किमतीबरोबर लवकर येणाऱ्या मरणाचीही किंमत मिसळलेली होती. मरण दूर गेले असते तर मालकाने तेवढी रक्कम कापून घेतली असती. संघटना दुबळी असली की कामगारापुढे फुप्फुस किंवा भाकरी एवढेच पर्याय उरतात, आणि तो भाकरी निवडतो. दोष निवड करणाऱ्याचा नसून अशी निवड लादणाऱ्या व्यवस्थेचा असतो. परंतु कामगार संघटना जेव्हा हीच निवड आपले धोरण म्हणून स्वीकारते, तेव्हा तो दोष तिचाही होतो.

शेफील्डचा तो हिशेब महाराष्ट्रात गुळाच्या रूपाने टिकून आहे. ओतशाळेत आणि पॉलिशच्या शेडमध्ये गूळ, केळी, दूध किंवा त्याऐवजी भत्ता द्यावा, अशी मागणी होते. ती मान्य झाली की विजयाचे फलक लागतात. गूळ खावा, पण फुप्फुसाच्या तळाशी बसलेली सिलिका गुळाने निघत नाही. सिलिकोसिस बरा करणारे औषध वैद्यकशास्त्राजवळ नाही. काम सोडल्यानंतरही हा रोग वाढू शकतो आणि क्षयाला वाट करून देतो. धुळीचा भत्ता मागणारी संघटना वस्तुतः धुळीला परवाना देते. भत्ता हा धुळीचा भाडेपट्टा आहे. भाडे वाढवून घेतल्याने घर स्वच्छ होत नाही.

आता मालकाच्या बाजूचा हिशेब पाहावा. यंत्र उपलब्ध असूनही तो ते का घेत नाही? कामगारांवरील प्रेमामुळे नव्हे. यंत्राची किंमत त्याने वाचवलेल्या मजुरीपेक्षा कमी असेल तरच भांडवलदार यंत्र घेतो, हे मार्क्सने दीड शतकापूर्वीच दाखवून दिले. माणूस फार स्वस्त असला की इंग्लंडसारख्या यंत्रांच्या मायदेशातही घोड्याऐवजी बाईच्या खांद्यावर नावेचा दोर येत असे. मागल्या गल्लीतील शेडमध्ये यंत्र येत नाही, कारण तिथे माणूस स्वस्त आहे. आणि तो स्वस्त आहे, कारण त्याच्या खर्चाचा मोठा भाग मालकाच्या वहीत लिहिलाच जात नाही. छातीचे फोटो, सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या, गावी परतलेल्या आजारी माणसाची सेवा, शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा, हा सारा खर्च कामगाराचे घर आणि समाज उचलतो. शेडच्या मालकाला तो माफ असतो, आणि ज्याच्या नावाची पाटी मोटारीवर झळकते त्या मोठ्या कारखान्याला तर त्याची खबरही लागत नाही. ‘यंत्र नको’ ही घोषणा या माफीलाच मुदतवाढ देते.

कायद्याने हा खर्च मालकाच्या वहीत आणायचा असतो. 1948 च्या कारखाने अधिनियमात धूळ जिथे निर्माण होते तिथेच ओढून घेण्याची सक्ती होती आणि सिलिकोसिस हा कळवलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत होता. परंतु वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच ती जागा ‘कारखाना’ ठरत असे. पाच-सात माणसांची शेड त्याच्या बाहेर. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील दहाचा आकडा वीसवर नेला आणि ठेका कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली. दहा माणसांच्या आस्थापनेला संहितेतील काही कर्तव्ये लागू राहतात, हे मान्य करूनही दिशा लपत नाही. निरीक्षकाच्या पदनामालाही आता ‘सुविधाकार’ हे शेपूट जोडले गेले आहे. सुविधा कोणाची, हे सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ यंत्र आले की मुक्ती आली, असाही नाही. चीनमधील कुनशान येथे 2 ऑगस्ट 2014 रोजी मोटारीच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेल्या धुळीचा स्फोट झाला. त्याच दिवशी 75 कामगार मेले. पुढे मृतांचा आकडा 146 वर गेला. तिथे धूळ ओढण्याची व्यवस्था होती, पण ती वेळच्या वेळी साफ केली जात नव्हती. त्याआधी 20 मे 2011 रोजी छंगतू येथे संगणकाची ॲल्युमिनियम कवचे घासणाऱ्या विभागात असाच स्फोट होऊन कामगारांचा बळी गेला होता. नळी बसवणारा भांडवलदार नळी साफ करण्यासाठी उत्पादन थांबवत नाही. म्हणजे प्रश्न यंत्र असावे की नसावे एवढाच नाही. यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हातात असावा, हा खरा प्रश्न आहे.

समाजवादी परंपरेला हा विचार परका नाही. गांधीजींचा विरोध यंत्राच्या हव्यासाला होता, यंत्राला नव्हता. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी 1924 मध्येच केला होता. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो माणसाला यंत्राचा धनी करण्यासाठी. थरथरते कुंड हे असेच लहान यंत्र आहे. ते पाच-सात माणसांच्या शेडला एकट्याने परवडत नसेल, तर दहा शेडना मिळून परवडेल. केंद्र सरकारच्या लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्रांसाठी अनुदानाची तरतूद आहे. असे केंद्र मालकांच्याच संघाने का चालवावे? पॉलिश कामगारांची सहकारी संस्था ते चालवू शकते. साखर आणि सूत सहकाराने पेलणाऱ्या महाराष्ट्राला खडे भरलेले कुंड पेलणार नाही काय?

मोकळ्या होणाऱ्या हातांचे काय, या प्रश्नाचे उत्तरही नव्याने शोधायचे नाही. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी मिळून सुसूत्रीकरणाच्या अटी मान्य केल्या होत्या : असलेल्या कामगारांची कपात नाही, त्यांच्या मिळकतीत घट नाही आणि लाभाची वाटणी समाज, मालक व कामगार यांच्यात न्याय्य रीतीने. कपात घडवू शकणाऱ्या यांत्रिक बदलासाठी आधी नोटीस देण्याचे बंधन 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. मालकवर्ग हे विसरला, यात नवल नाही. चळवळीने विसरावे, हे मात्र लाजिरवाणे आहे.

तेव्हा मागणी बदलली पाहिजे. धूळ ओढण्याच्या सोयीवाचून कोरडे घासकाम बंद करा. ज्या कारखान्यासाठी माल तयार होतो त्याने ठेक्याच्या शेवटच्या टोकावरील कामगाराच्या छातीची जबाबदारी घ्यावी आणि दरवर्षीचा तपासणी अहवाल कामगाराच्या हातात द्यावा. यंत्र आणा, पण 1957 च्या अटींवर; त्यावर शिकवून नेमायची पहिली माणसे कानस धरणारीच असावीत. धुळीची नळी साफ झाल्याखेरीज यंत्र सुरू होणार नाही आणि त्या नोंदवहीवर कामगाराच्या प्रतिनिधीची सही असेल. धुळीच्या भत्त्याची मागणी मात्र यादीतून काढून टाका.

या मागण्या घेऊन शेडच्या दारात उभे राहणे प्रचंड मेळावा भरवण्यापेक्षा अवघड आहे, कारण तिथला कामगार विखुरलेला आहे, त्याचे नाव बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नाही आणि त्याला दिवस भरायचा आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याचे काम तिथेच आहे. ‘यंत्र नको’ म्हणणाऱ्याला मालक फार विरोध करत नाही. ‘यंत्र हवे आणि त्यावर हुकमत आमची’ असे कामगार म्हणू लागला की तो खवळतो. कोणती घोषणा कामगाराची आणि कोणती मालकाच्या सोयीची, हे ओळखण्यासाठी याहून सोपी कसोटी नाही.