विज्ञानाच्या खिडकीतून : पेशीचे चुकलेले वाटप

गेल्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी आम्हाला विचारले, "आमच्या घराण्यात कोणालाच स्तनाचा कर्करोग नाही, मग मी तपासणी कशाला करू?" घाईत दिलेले उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही, म्हणून हे टिपण.

घराण्यातून आलेल्या दोषामुळे होणारे स्तनाचे कर्करोग शंभरात पाच ते दहाच. बाकीच्यांत बिघाड त्या बाईच्या स्वतःच्याच पेशींत वर्षानुवर्षे साठत जातो. त्यातला एक मोठा बिघाड पेशीविभाजनाच्या यंत्रणेचा.

शाळेतले सूत्री विभाजन आठवा. पेशीत ४६ गुणसूत्रे. विभाजनापूर्वी प्रत्येकाची नक्कल होते. मग दोन टोकांना दोन तारककेंद्रे जातात, त्यांच्यापासून तर्कूचे धागे निघतात आणि एकेक प्रत एकेका बाजूला ओढतात. सगळे धागे नीट जोडले जाईपर्यंत वाटप सुरू होऊ न देणारी प्रथिनेही असतात. मुकादमच म्हणा ना!

स्तनाच्या कर्करोगातल्या पुष्कळ पेशींत तारककेंद्रे दोनाऐवजी तीन-चार दिसतात. ओढाताण चहूकडून झाली की एका पेशीला गुणसूत्रे जास्त, दुसरीला कमी. अशा बहुतेक पेशी मरतात. पण एखादीला वाढीला चालना देणारे जनुक जास्तीचे मिळते, वाढ रोखणारे हरवते, आणि ती फोफावते. जर्मनीच्या थिओडोर बोवेरी यांनी सागरी प्राण्यांच्या अंड्यांवरून हा तर्क १९१४ सालीच मांडला होता.

आम्ही रसायनशास्त्राचे, त्यामुळे औषधाबद्दल लिहिण्याचा मोह आवरत नाही. यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले टॅक्सॉल या तर्कूच्या धाग्यांनाच चिकटते. त्याने विभाजन थांबते, असे आम्ही शिकलो होतो. २०१४ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या गाठी तपासल्या तेव्हा निराळेच दिसले. पेशी विभागत राहतात, पण वाटप इतके बिघडते की पुढच्या पेशी जगत नाहीत. काट्याने काटा काढावा तसे.

आता वहिनींचा प्रश्न. पेशीतली चूक कळत नाही, गाठ मात्र हाताला लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाची प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हातांनी तपासणी केली. त्या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

इथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी मॅमोग्रामचा सल्ला देतात. "जूनमध्ये पुण्याला गेल्यावर बघू" म्हणता म्हणता दोन-दोन उन्हाळे गेलेले आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्येच पाहिले आहेत. विमा कार्डावर तपासणी बसते का, ते आधी विचारून घ्यावे. कोणाला सोबत हवी असल्यास शनिवारच्या बैठकीत सांगावे, आम्ही मेट्रोने बरोबर येऊ.