स्क्रीनवरचे दोनशे

पालघरचा आमचा भाचा ई-सिगारेटवर खूश. म्हणे, तिच्यात टेम्परेचर कंट्रोल आहे, कापूस करपत नाही, फॉर्मल्डिहाइड कमी होतं.

तत्त्व खरंच आहे. बोईसर-तारापूरच्या रसायन कारखान्यांत पीटी-१०० सेन्सर चालतो तेच: धातू तापला की रेझिस्टन्स वाढतो. इथे निकेलची नाहीतर स्टीलची कॉइल; मर्यादा आली की चिप वीज कमी करते.

पण कारखान्यात सेन्सरचं कॅलिब्रेशन होतं हो! इथे कॉइल गरम असतानाच मूळ रेझिस्टन्स नोंदला, तर स्क्रीनवर २०० अंश आणि कापूस त्याहून तापलेला. २०१९ च्या कायद्याने विक्रीच बंद, म्हणजे माल चोरून आलेला. तक्रार कुणाकडे करणार? निकोटीन कमी होत नाही ते वेगळंच.

भाचा म्हणतो, "मामा, दोनशेच दिसतंय ना!"