चाळ सोडताना

मैत्रिणींनो, प्रभादेवीतली जुनी चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी करायची म्हटलं, की पोटात गोळा येतो. आधी आखणी केलीत तर निम्मी धावपळ वाचेल.

मंगळवार टाळा, सिद्धिविनायकाच्या गर्दीत टेंपो अडकतो. एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. परळकडे जायचं असेल तर टेंपोवाल्याशी रस्ता आधीच बोलून घ्या.

आठ दिवस आधी माळा उतरवा. काचेची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळा. चहा-साखर, काडेपेटी, पातेलं आणि मुलांचे कपडे यांची पिशवी सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे आधी हाताशी येईल. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र टेंपोत मुळीच द्यायची नाही: भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड आणि बिल्डरशी झालेला करार. नव्या घरावरचा हक्क दाखवायला हेच कागद लागतात. झेरॉक्स काढून एक संच माहेरी ठेवा. मूळ कागद दागिन्यांसारखे जपा.

आणि हो, निघण्यापूर्वी शेजारणींचे नवे पत्ते, फोन लिहून घ्या. चाळ पांगली, की सभेची खबर त्यांच्याकडूनच कळते!